ताशी तीनशेची भावकी

मोटारशर्यत पाहणाऱ्या माणसाला घरातले लोक जे प्रश्न विचारतात ते सगळे रास्त असतात, हे आधीच कबूल केलेले बरे. या गाड्या निघाल्या तिथेच परत का येतात? सगळ्यांत मागे दिसणारी गाडी पहिली कशी? तास-दीड तास पाहूनही पुढे कोण आहे हे चित्रावरून का कळत नाही, कडेची आकड्यांची पट्टी का वाचावी लागते? युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, म्हणजे घरात बाहेर पडायचे की जेवायला काय करायचे याची चर्चा रंगात आलेली असते, आणि त्या ऐन वेळी एक माणूस टायरचा रंग पाहून उसासे टाकत असतो. त्याला समर्पक उत्तर देता येत नाही, कारण उत्तर नसतेच. नुसते डोळ्यांनी पाहायचे म्हटले तर फॉर्म्युला वनमध्ये पाहण्यासारखे फार थोडे आहे. ताशी तीनशे किलोमीटरचा वेग दूरदर्शनच्या पडद्यावर येईतो बऱ्यापैकी सौम्य होतो. खेळाडूचा चेहरा हेल्मेटमध्ये, अंग गाडीत, आणि गाडी जाहिरातींत बुडालेली. क्रिकेट निदान गल्लीत खेळलेले असते, त्यामुळे झेल सुटला की कुठे चुकले हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळतो. फॉर्म्युला वनची गाडी मात्र चाहत्यांपैकी कोणीही चालवलेली नसते. तरीही माणसे या नादाला लागतात, आणि लागली की सुटत नाहीत. वेगाच्या, यंत्रांच्या किंवा अभियांत्रिकीच्या प्रेमापोटी हे होते असे ती सांगतात, पण ते खरे नव्हे. माणूस मोटारशर्यतीकडे येतो तो भांडण ऐकून येतो. आणि माझे म्हणणे असे की यात लाजण्यासारखे काही नाही, कारण या खेळात भांडण ही शोभेची वस्तू नसून मोजमापाची वस्तू आहे.

आपल्याकडच्या चाहत्याची जडणघडण पाहिली की पहिली गोष्ट लक्षात येते. त्याला जन्मजात पक्ष नसतो. क्रिकेटमध्ये कोणाच्या बाजूचे व्हायचे हे पासपोर्ट ठरवतो. इथे मात्र नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये आला, करुण चंढोक 2010 मध्ये, आणि 2012 नंतर एकही भारतीय चालक शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत उभा राहिलेला नाही. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूपर्यंत पोचला, तिथे शर्यतीही जिंकला, पण वरचा दरवाजा उघडला नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीन वर्षे शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला आणि मग सगळा कारभार आटोपला. उत्तर प्रदेश सरकारने तर हा खेळ नसून करमणूक आहे असे ठरवून करमणूक कराचा विषय काढला होता. तेव्हा चाहते चिडले होते, पण करखात्याची रसिकता त्यांच्यापेक्षा पुढे होती असे आता वाटते. फॉर्म्युला वनमधल्या वैरात भारताचा वाटा किती, असे कोणी विचारलेच तर 2012 च्या मलेशियातल्या शर्यतीकडे बोट दाखवावे लागते. कार्तिकेयनच्या गाडीला घासून फेटेलचा टायर फुटला, जगज्जेत्याने रागाच्या भरात त्याला काकडीची उपमा दिली, आणि कार्तिकेयनने उलट त्याला रडूबाई ठरवले. एवढीच काय ती आपली ऐतिहासिक कामगिरी. अशा परिस्थितीत भारतीय चाहता आवडता चालक शोधायला निघतो आणि आधी त्याला नावडता सापडतो. कोणीतरी एक शांतपणे, सराईतपणे, सारखा जिंकत असतो. तो डोळ्यांत खुपतो, आणि त्याला जो छळेल तो आपला, अशी निष्ठा ठरते. पुष्कळांची निष्ठा अशीच जमलेली असते, फक्त सांगताना ती उलट्या क्रमाने सांगितली जाते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. कसले वैर घेऊन बसलात, सगळा खेळ गाडीचा आहे, चांगली गाडी मिळाली की कोणीही जिंकतो. हा आक्षेप नव्वद टक्के खरा आहे, आणि म्हणूनच तो माझ्या बाजूचा आहे. गाड्या सारख्या नसतात. प्रत्येक संघ आपली गाडी आपण बनवतो, आणि हुशार चालक वाईट गाडीत अकरावा येतो तेव्हा तो हुशार आहे हे कळायला काही मार्ग उरत नाही. उरतो तो एकच. प्रत्येक संघात दोन चालक असतात आणि दोघांना जवळपास एकसारखी गाडी मिळते. म्हणजे अनेक वर्षे वीस आणि 2026 पासून बावीस जणांच्या या जत्रेत तुमची लायकी सांगू शकेल असा माणूस जगात एकच, आणि तो तुमच्याच घरात राहतो. तुमच्याच रंगाचे कपडे घालतो, तुमच्याच टेबलाशी बसतो, तुमच्या गाडीचे आकडे त्याच्या अभियंत्याला उघडे असतात. वर व्यवस्था अशी की संघाच्या विजेतेपदासाठी दोघांचे गुण एकत्र धरतात आणि चालकाच्या विजेतेपदासाठी वेगळे. घर एकत्र, वाटे वेगळे. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या स्वतंत्र. भाऊबंदकीला याहून अनुकूल हवामान एखाद्या वाटणीपत्राच्या लेखकालाही निर्माण करता आले नसते. दुसऱ्या संघातल्या चालकाशी हरलात तर गाडीवर खापर फोडता येते. टीममेटशी हरलात तर खापर फोडायला जागाच राहत नाही, म्हणून त्या हरण्याची जखम खोल जाते. बाहेरच्या शत्रूशी हस्तांदोलन आणि घरातल्याशी अबोला, हा प्रकार ज्यांना तालुका न्यायालयाच्या आवारात पाहून माहीत आहे, त्यांना फॉर्म्युला वन समजायला अवघड का जाते हेच एक कोडे आहे.

हे नुसते म्हणणे नाही, याला पुरावा आहे, आणि योगायोगाने तो प्रयोगशाळेत शोभेल इतका नीटनेटका आहे. 1988 साली मॅकलॅरेन संघाने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. 2023 साली रेड बुलने बावीसपैकी एकवीस जिंकल्या. यंत्राची मक्तेदारी दोन्ही वर्षी सारखीच गुदमरवणारी, आणि दोन्ही वर्षी सुटलेली एकुलती एक शर्यत फेरारीनेच नेली, 1988 मध्ये मोंझाची आणि 2023 मध्ये सिंगापूरची. पण 1988 चे किस्से लोक अजून सांगतात, आणि 2023 चा उत्तरार्ध कट्टर चाहत्यांनीही मोबाइल चाळत काढला. फरक गाडीत नव्हता. 1988 च्या गाडीत एका बाजूला आयर्टन सेन्ना आणि दुसऱ्या बाजूला अलँ प्रॉस्ट होता. आठ शर्यती एकाच्या, सात दुसऱ्याच्या. 2023 मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनने एकोणीस जिंकल्या आणि त्याच गाडीतल्या सर्जिओ पेरेझने दोन. व्हर्स्टापेनचे गुण 575, पेरेझचे 285, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरीही पेरेझ त्या वर्षी जगात दुसरा आला. व्हर्स्टापेनने त्या वर्षी गाडी अप्रतिम चालवली, हे त्याचे विरोधकही मान्य करतात. पण भावाने भांडायलाच नकार दिला तर वाड्यात काय घडणार? वेग होता, कौशल्य होते, विक्रम होते, फक्त बातमी नव्हती.

आता सेन्ना-प्रॉस्ट प्रकरणाकडे जरा सवडीने पाहायला हवे, कारण त्यात एका घराण्याच्या दाव्याला लागते ते सगळे आहे. प्रॉस्ट फ्रेंच, हिशेबी, टायर आणि इंधन जपून चालवणारा. लोक त्याला प्रोफेसर म्हणत. सेन्ना ब्राझीलचा, श्रद्धाळू, आणि फट दिसली की त्यात शिरणे हे कर्तव्य मानणारा. दोघांची पहिली लक्षात राहणारी गाठ 1984 च्या मोनाकोत पडली. धो धो पाऊस, प्रॉस्ट पुढे, आणि टोलमनच्या साध्यासुध्या गाडीतला नवखा सेन्ना फेरीगणिक त्याला गाठत आलेला. प्रॉस्टने हात हलवून शर्यत थांबवा अशी खूण केली, शर्यत थांबली, प्रॉस्ट विजयी ठरला. पण अंतर अर्धवट राहिल्यामुळे गुणही अर्धेच, नवाऐवजी साडेचार. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तर त्याला सहा मिळाले असते. आणि त्या वर्षी प्रॉस्टचे विजेतेपद किती गुणांनी गेले? अर्ध्या गुणाने, 72 विरुद्ध 71.5. कोणाकडे गेले? निकी लाउडाकडे, म्हणजे अर्थातच त्याच्याच टीममेटकडे. हिशेबी माणसाचा हिशेबाने केलेला असा घात 1988 मध्येही झाला. वर्षभरात प्रॉस्टचे गुण 105 आणि सेन्नाचे 94, पण त्या काळच्या नियमाने सर्वोत्तम अकरा निकालच धरायचे असल्याने सेन्नाचे 90 भरले, प्रॉस्टचे 87, आणि जास्त गुणवाला हरला. पुढच्या वर्षी इमोलाच्या शर्यतीआधी दोघांनी आपसांत समेट केला की सुरुवातीच्या वळणावर एकमेकांना मागे टाकायचे नाही. एका अपघातामुळे ती शर्यत थांबवून पुन्हा सुरू करावी लागली, प्रॉस्ट पुढे निघाला, आणि सेन्नाने त्याला त्याच वळणावर मागे टाकले. प्रॉस्टने पुढे सांगितले त्याप्रमाणे सेन्नाचा बचाव असा की समेट सुरुवातीपुरता होता आणि ही तर फेरसुरुवात! इतका कसदार युक्तिवाद करणारा माणूस ब्राझीलला जन्मून मोटारीत बसला, आपल्याकडच्या दिवाणी वकिलीचे केवढे नुकसान झाले.

तिथून पुढे दोघांत शब्द उरला नाही. जपानच्या सुझुका सर्किटवर 1989 मध्ये, शर्यत संपायला काही फेऱ्या असताना, सेन्ना आतून घुसला, प्रॉस्टने दार लावून घेतले, आणि एकाच घरच्या दोन गाड्या एकमेकींत अडकून कडेला उभ्या राहिल्या. प्रॉस्ट उतरून चालू लागला, कारण दोघेही बाद झाले तर विजेता तोच होता. सेन्नाने गाडी ढकलून घेतली, तुटलेले नाक बदलले, पुन्हा पुढे येऊन शर्यत जिंकली, आणि वळण गाळून परत आल्याबद्दल बाद ठरला. अपील पॅरिसला गेले. निकाल असा लागला की सेन्नाला एक लाख डॉलर दंड आणि वर सहा महिन्यांची बंदी, मात्र ती स्थगित. मोटारशर्यतींच्या महासंघाचे अध्यक्ष फ्रेंच होते, प्रॉस्टही फ्रेंच होता, आणि या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालायचा की ‘आणि’ यावर दोन्हीकडचे चाहते आजही भांडू शकतात. वर्षभराने प्रॉस्ट फेरारीत गेलेला, पुन्हा सुझुका, पुन्हा दोघांतच निर्णय. सेन्नाने पहिल्या वळणावरच, सुरू झाल्यापासून काही सेकंदांत, प्रॉस्टच्या गाडीत गाडी घातली. या वेळी दोघे बाद झाले की तो विजेता. त्यानंतरच्या वर्षी त्याने हे मुद्दाम केल्याचे स्वतःच जाहीर केले. मोटारीच्या पंखाचा कोन किती अंश होता हे कोणाला आठवत नाही, पण सुझुकाचे हे दोन अपघात फेरीच्या तपशिलासह सांगणारे लोक पुण्यापासून साओ पाउलोपर्यंत भेटतील.

दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ हे ज्याला आकड्यांत पाहायचे असेल त्याने 2007 ची गुणतालिका पाहावी. मॅकलॅरेनमध्ये दोनदा जगज्जेता झालेला फर्नांडो अलोन्सो आणि पदार्पणाचा लुईस हॅमिल्टन. हंगेरीच्या पात्रता फेरीत अलोन्सो पिटमधल्या आपल्या जागेवर जरा जास्तच रेंगाळला आणि मागे खोळंबलेल्या हॅमिल्टनची शेवटची फेरी हुकली. वर्षाअखेर दोघांचे गुण 109 आणि 109. फेरारीच्या किमी रायकोनेनचे 110. त्याच वर्षी फेरारीची गोपनीय कागदपत्रे मॅकलॅरेनच्या एका अभियंत्याकडे निघाली, आणि ती उघडकीला कशी आली तर 780 पानांचा गठ्ठा त्याच्या पत्नीने छायाप्रतींच्या दुकानात नेला आणि दुकानातल्या माणसाने फेरारीला कळवले. जगातल्या सर्वांत महागड्या खेळाचा सर्वांत मोठा घोटाळा झेरॉक्सवाल्याने पकडला, ही गोष्ट कोणत्याही मराठी वाचकाला अजिबात अविश्वसनीय वाटू नये. दंड दहा कोटी डॉलर. अलोन्सोचे चाचणी-चालकाशी झालेले ईमेल त्या प्रकरणात पुरावा म्हणून पुढे आले, म्हणजे घरचे भांडण आणि बाहेरचा खटला एकमेकांत असे गुंफले गेले.

दुसरा आक्षेप नव्या काळातला आहे. हे वैर वगैरे कॅमेरावाल्यांनी शिजवलेले असते, नेटफ्लिक्सवर 2019 पासून मालिका आली आणि तेव्हापासून सगळ्यांना जिथेतिथे शत्रुत्व दिसू लागले, असे जुने चाहते तुच्छतेने म्हणतात. मालिकेत मीठमसाला पडतो हे निर्विवाद. खुद्द व्हर्स्टापेनने खोटी वैरे रंगवल्याची तक्रार करून काही काळ तिच्याशी असहकार पुकारला होता. पण याचा अर्थ उलटा लागतो. खोटे वैर ओळखता येते कारण खरे वैर मागे कागद ठेवते, पंचांचे निकाल, दंडाच्या पावत्या, गुणांची बेरीज. निको रोसबर्ग आणि हॅमिल्टन लहानपणी कार्टिंगमध्ये एकत्र वाढलेले मित्र. मर्सिडीजमध्ये टीममेट झाले आणि 2015 मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन विजेतेपद जिंकला तेव्हा त्याने फेकलेली दुसऱ्या क्रमांकाची टोपी रोसबर्गने तशीच त्याच्या अंगावर परत भिरकावली. पुढच्या वर्षी बार्सिलोनात दोघे पहिल्याच फेरीत एकमेकांना घेऊन वाळूत गेले, आणि शर्यत जिंकली रेड बुलमध्ये पहिल्यांदाच बसलेल्या अठरा वर्षांच्या व्हर्स्टापेनने. वर्षाअखेर रोसबर्ग पाच गुणांनी जगज्जेता झाला आणि पाच दिवसांनी निवृत्ती जाहीर करून मोकळा झाला. वाटणी पदरात पडल्याबरोबर गाव सोडणारा असा शहाणा भाऊबंद विरळा. तेव्हा ती मालिका सुरूही झालेली नव्हती.

तिसरा आक्षेप विनोदाने उडवून लावता येत नाही. गाड्यांच्या भांडणात माणसे मरतात, मग त्यात रस घेणे हे क्रौर्य नव्हे काय? 1982 मध्ये इमोलाला फेरारीच्या दिदिए पिरोनीने शेवटच्या फेरीत आपला टीममेट जिल व्हिलनव्ह याला मागे टाकले. संघाने हळू जाण्याची खूण केली होती, व्हिलनव्ह ती पाळत होता. त्याने पिरोनीशी बोलणे सोडले, आणि दोन आठवड्यांत झोल्डरच्या पात्रता फेरीत त्याचा अपघाती मृत्यू झाला. पुढे पिरोनीच्या निधनानंतर त्याला जुळे मुलगे झाले, त्यांची नावे दिदिए आणि जिल ठेवली गेली. या गोष्टीचा आनंद कोणी घेत नाही, घेऊ नये. पण यावरून निघतो तो निष्कर्ष गाड्या सुरक्षित करण्याचा आहे, भावांना शिष्टाचार शिकवण्याचा नव्हे. 2021 मध्ये मोंझाला व्हर्स्टापेनची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर चढली, चाक थेट डोक्यावर आले, आणि 2018 पासून सक्तीचा झालेला हेलो हा कमानीसारखा दांडा मध्ये असल्याने हॅमिल्टन चालत घरी गेला. हेलो आला तेव्हा तो कुरूप दिसतो म्हणून नाके मुरडणारे चाहते थोडे नव्हते. आता निर्धास्तपणे भांडण बघता येते ते त्याच्याच कृपेने. आणि वैर म्हणजे द्वेषच, हेही खरे नाही. 1993 मध्ये अ‍ॅडलेडला प्रॉस्टच्या अखेरच्या शर्यतीनंतर विजेत्या सेन्नाने त्याला ओढून आपल्या पायरीवर घेतले. सहा महिन्यांच्या आत सेन्ना इमोलाच्या अपघातात गेला, आणि त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता. एकमेकांची खरी किंमत त्या दोघांनाच ठाऊक होती, कारण एका गाडीच्या दोन प्रतींतून ती दोघांनी मोजली होती.

राहता राहिला व्यवस्थापकांचा आक्षेप, की नीट नियम केले तर दोन भाऊ गुण्यागोविंदाने नांदू शकतात. मॅकलॅरेनने आपल्या पपईच्या रंगाला साजेसे ‘पपया रूल्स’ करून हा प्रयोग 2025 मध्ये पुरा करून दाखवला. लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्ट्री, दोघांना समान न्याय, समान संधी, समान समजूत. मोंझाला नॉरिसचा टायर बदलायला संघाकडून वेळ लागला आणि पियास्ट्री पुढे गेला, तर त्याला रेडिओवरून जागा परत करायला सांगितली. पिट स्टॉपमधला उशीर हा शर्यतीचाच भाग असतो असे ठरले होते ना, एवढे विचारून त्याने ती परत केली. नॉरिसला दुसऱ्या क्रमांकाचे अठरा गुण, पियास्ट्रीला तिसऱ्याचे पंधरा. वर्षाअखेर नॉरिस 423, व्हर्स्टापेन 421, पियास्ट्री 410. ज्याला वजाबाकी येते त्याने नॉरिसमधून ते तीन गुण काढून पाहावेत, 420 राहतात आणि विजेतेपद व्हर्स्टापेनकडे जाते. म्हणजे जगज्जेतेपदाचा निकाल एका भावाच्या सौजन्याने लागला, असे भांडणविरोधी पक्षाला खुशाल म्हणता येईल, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. फक्त ऑगस्टअखेर चौतीस गुणांनी आघाडीवर असलेला आणि डिसेंबरात तिसरा आलेला पियास्ट्री ज्यांचा आवडता आहे, त्यांच्यासमोर हा मुद्दा काढताना जरा हात राखून काढावा. त्यांच्यापुरता तरी 2026 चा नावडता, मोसम सुरू व्हायच्या आतच, ठरून गेला होता.